उभारीचं पान

फोटो तीनदा मोठा करून पाहिला तरी त्यातला माणूस दादाच निघाला. आधी त्याला वाटलं, भास असेल. दिवसभर पडद्यावर माणसांचे चेहरे बघून बघून उपसंपादकाला शेजारच्या टेबलावरचा माणूससुद्धा कधी कधी फोटोतला वाटायला लागतो. त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, परत लावला आणि फोटो पुन्हा मोठा केला. रांगेच्या अगदी उजव्या टोकाला, भिंतीवर चिकटवलेल्या पुठ्ठ्याच्या पाटीखाली, हनुवटी जरा उंचावून पुढे काय चाललंय ते बघणारा माणूस. कानाची ती किंचित दुमडलेली पाळी. वहिनीनं कॉलर उलटवून शिवलेला निळा शर्ट. खांद्याला डब्याची पिशवी. सकाळी नेहमीच्या वेळेला, नेहमीसारखं 'येतो गं' म्हणून कारखान्यात जायला निघालेला त्याचा सख्खा मोठा भाऊ भर उन्हात शहराच्या भलत्याच टोकाला, एका मोठ्या दुकानाच्या मागच्या भिंतीशी उभा होता. उपसंपादकानं पहिलं काम काय केलं, तर फोटो लहान केला. लहान केल्यावर दादा पुन्हा गर्दी झाला.

पान त्याच्याकडेच होतं. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या या पानाचं नाव 'उभारी', आणि ते नावही त्यानंच सुचवलेलं. वाईट दिवस सरले, आता लोकांना जरा बरं वाटेल असं एक पान काढायचंय, नाव सांगा, असं संपादकांनी बैठकीत विचारलं होतं आणि त्याच्या तोंडून ते पटकन निघून गेलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. त्या दिवशी त्याला बरं वाटलं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. इवलासा शब्द, कुठल्याही कॉलमात बसतो. असा शब्द सापडला की उपसंपादकाला जेवण गोड लागतं. त्याच बैठकीत संपादक म्हणाले होते, "आणि ते मंदी मंदी पुरे आता. आपणच लिहून लिहून लोकांच्या डोक्यात भरवलंय. बाजार खाली आला तर विसावला म्हणा." "आणि कारखाना बंद पडला तर?" कुणीतरी मागून विचारलं. "तर तो आपल्या पानावर येतोच कशाला?" संपादक हसले, म्हणून सगळे हसले, म्हणून तोही हसला. पानाचा खालचा अर्धा भाग त्या मोठ्या दुकानाच्या जाहिरातीचा असायचा, आणि दुकान ज्यांचं त्यांचाच पेपरातही मोठा वाटा होता. ही गोष्ट कचेरीत सगळ्यांना माहीत होती आणि कुणी बोलत नव्हतं, घरातल्या वडीलधाऱ्यांच्या कवळीबद्दल बोलत नाहीत तसं.

बोलायचे ते वाचक. एक निवृत्त मास्तर पान निघालं की डेस्कवर फोन करायचे आणि अत्यंत अदबीनं विचारायचे, "ती सावरलेली अर्थव्यवस्था राहते कुठे हो? पत्ता द्या, एकदा भेटून येईन म्हणतो." डेस्कवर हशा पिकायचा. त्याला मात्र हसू यायचं नाही, कारण घरी रोज सकाळी हेच चालायचं. लग्न राहून गेलेला तो दादा-वहिनींकडेच बाहेरच्या खोलीत राहायचा, आणि पेपर त्याच खोलीत उघडला जायचा. वहिनी चहाचा कप बाजूला सारून पेपर जमिनीवर पसरायची, गुडघे चोळत चोळत मथळे मोठ्यानं वाचायची आणि प्रत्येक मथळ्याला उत्तर द्यायची. "ग्राहक परतला. कुठे परतला? खालच्या शिंप्याकडे तर नाही आला, त्यानं मशीन विकायला काढलंय." "घरांना वाढती मागणी. अहो, मागणी आमचीही आहे, देतंय कोण?" मग त्याच्याकडे बघून म्हणायची, "भाऊजी, तुम्हाला नाही हो बोलत. तुम्हाला जे देतात ते तुम्ही लिहिता." हे ती त्याची समजूत काढायला म्हणायची आणि तेच त्याला जास्त लागायचं. शिवी दिली असती तर बरं, असं वाटायचं.

वहिनीचा विश्वास एकाच बातमीवर होता, आणि ती पेपरात यायची नाही. दादाचा कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. दादाचं म्हणणं असं, की पेपर कशाला वाचता, खोकी बघा. लोक काहीही घेणार असतील, चपला नाहीतर पंखा, तर आधी त्याला खोकं लागतं. त्यामुळे देशाचं काय चाललंय ते आमच्या गोदामाला सगळ्यांच्या आधी कळतं. वहिनी संध्याकाळी दार उघडतानाच विचारायची, "खोकी जातायत का?" आणि दादा चपला काढता काढता सांगायचा, "जातायत, जातायत." या विचारण्यामागे तिचा स्वतःचा हिशेब होता. ती समोरच्या इमारतीत अंथरुणाला खिळलेल्या एका आजींकडे दिवसभर असायची. आजींना उठवायचं, बसवायचं, कूस बदलायची. आजी अंगानं भक्कम, आणि वहिनीचे गुडघे त्यात कामातून गेलेले. हे उचलणं थांबवलं नाहीत तर पुढे स्वतःच्या पायांनी जिना उतरता येणार नाही, असं डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं. आजींच्या सुनेनं दुसरी बाईही बघून ठेवली होती. वहिनीनं नाही म्हटलं की ती येणार होती. "सोडते, सोडते," वहिनी म्हणायची, "जरा यांच्या कारखान्याचं काही खरं दिसू दे."

"बघितलात?" फोटोग्राफर त्याच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला होता. उपसंपादक चोरी पकडली गेल्यासारखा दचकला आणि त्यानं फोटोवर दुसरीच खिडकी ओढली.

"बघितला."

"खरेदीची नाहीये हो ती लाईन. पुढच्या दाराला चिटपाखरू नव्हतं. आत चार टाळकी होती, तीही गारव्याला बसलेली. म्हटलं, संपादकसाहेबांना खरेदीची गर्दी हवीय, आता काय दाखवू? मागच्या गल्लीत गेलो तर ही एवढी लाईन. भरती होती. माल उतरवायला आणि फरश्या पुसायला माणसं हवीयत त्यांना. ती पाटी बघितलीत का? 'भरती, मागचे दार'. मुद्दाम घेतलीय मी ती फोटोत."

"साहेबांना सांगितलंस?"

"सांगितलं ना. म्हणाले, लाईन ती लाईन. लोक दुकानाबाहेर उभे आहेत की नाहीत? आहेत. मग झालं." फोटोग्राफर खाली वाकला आणि आवाज उतरवून म्हणाला, "तुम्ही बोला ना एकदा. तुम्ही जुने आहात, तुमचं ऐकतात ते. ज्या लोकांना घरी बसवलं त्यांनाच गिऱ्हाईक म्हणून छापायचं म्हणजे जरा अतीच होतं हो."

तो 'बघतो' म्हणाला. या एका शब्दावर त्यानं नोकरीची सगळी वर्षं काढली होती. फोटोग्राफर गेल्यावर त्यानं खिडकी बाजूला सारली. दादा तसाच उभा होता, हनुवटी उंचावून. आणि आता, इतक्या उशिरा, त्याला डबा आठवला. दादाचा डबा आयुष्यभर खरकटा परत आला होता. तळाला चिकटलेलं अन्न, झाकणाला वाळलेला रस, आणि त्यावरून रोज संध्याकाळी वहिनीची बडबड. पण गेल्या काही आठवड्यांपासून डबा स्वच्छ धुतलेला, वर पुसलेला येत होता. "म्हातारपणी शहाणपण सुचलं एकदाचं," असं वहिनी कौतुकानं म्हणाली होती आणि सगळे हसले होते. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत हात धुवायला वेळ मिळायचा नाही. डबा कधी धुतो माणूस? दुपार रिकामी असते तेव्हा. कुठल्यातरी बागेतल्या नळावर, कुठल्यातरी बाकावर, सावकाश, झाकणाच्या कडेतून बोट फिरवत, कारण ते झालं की पुढे संध्याकाळपर्यंत काहीच नसतं. हे त्याच्या डोळ्यांसमोर घडत होतं. रोज दहा पानांच्या बातम्या वाचणारा, शब्दाशब्दाला चिमटे काढणारा माणूस, आणि स्वयंपाकघरात पालथा घातलेला डबा त्याला वाचता आला नव्हता. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि लाजेच्या पाठोपाठ, का कोण जाणे, दादाचाच राग आला. मला सांगायचं होतं. मला तरी सांगायचं होतं.

पण दादा कुणाला काय सांगणार? त्यानं सांगायचं आणि यानं ऐकायचं, अशी रीतच दोघांत नव्हती. आई लवकर गेली, वडील असून नसल्यासारखे; याला शाळेत सोडायला दादा यायचा, तेव्हा तो स्वतःही शाळकरी वयाचाच. बाजाराच्या गर्दीतून जाताना दादा मागे राहायचा आणि त्याला पुढे चालवायचा, डावा हात त्याच्या खांद्यावर. हात धरून ओढत नेणं त्याला पसंत नव्हतं. "पुढे बघ. मी मागे आहे," एवढंच म्हणायचा. मागे वळून बघितलं की खांद्यावरची बोटं जराशी दाबली जायची. ती सवय दादाला इतकी जडली, की पुढे कुठल्याही रांगेत उभं राहिलं की त्याचा हात आपोआप पुढच्याच्या खांद्यावर जायचा, मग पुढचा ओळखीचा असो नसो. सिनेमाच्या तिकिटाला उभा असताना एका परक्या गृहस्थांनी वळून असं काही रोखून बघितलं होतं, की वहिनी अजून तो प्रसंग हावभावासकट करून दाखवते. डाव्या हाताची करंगळी कारखान्यात मशीनच्या दारात सापडली आणि वाकडी झाली, ती नंतर. तेव्हापासून खांद्यावर चारच बोटं टेकायची आणि करंगळी वेगळी, बाहेर राहायची. त्या हाताच्या जोरावर हा शिकला, पदवी घेतली, पेपरात लागला. दादा शिकला नाही. याबद्दल घरात कधी कुणी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून ते कधी फिटलंही नव्हतं.

संपादक त्याच्या टेबलाजवळून जाता जाता थांबले. त्यांनी पडद्यावर नजर टाकली. "झकास. गर्दी झकास आहे. ते उजवं टोक जरा बघा, ती पाटी गचाळ दिसतेय." आणि गेले. कापा असंसुद्धा म्हणाले नाहीत. एवढ्यानं भागत असे.

तो बसून राहिला. आता बोलायचं असेल तर हीच वेळ होती. उठायचं, संपादकांच्या केबिनीत जायचं आणि म्हणायचं, साहेब, हे लोक नोकरी मागायला उभे आहेत, हे असंच छापू, निदान एकदा. समजा ते ऐकतात. समजा आज त्यांना काय वाटेल ते वाटतं आणि ते हो म्हणतात. मग उद्या सकाळी जमिनीवर पसरलेल्या पेपरात, गुडघे चोळणाऱ्या वहिनीसमोर, पाटीखाली दादा उभा असणार आणि खाली फोटोओळ: नोकरीच्या आशेनं लोटलेली गर्दी. दादानं जे इतके आठवडे डबा धुऊन धुऊन झाकलं ते धाकट्या भावानं कॉलमभर उघडं करायचं. नाही बोललो आणि फोटो आहे तसा जाऊ दिला, तरी दादा तिथेच, पाटीखालीच. म्हणजे दादाला वाचवायचं तर उजवं टोक कापायचं. आणि उजवं टोक कापलं की पाटी जाते, पाटी गेली की भरती जाते, आणि उरते ती नुसती गर्दी, संपादकांना हवी तशी. कसंही फिरवलं तरी त्याच भिंतीशी येऊन तो उभा राहत होता. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात वाईट विचार वेगळाच होता. दादा फोटोत नसता तरी आपण काय केलं असतं? यापूर्वीच्या फोटोंच्या कडांवरून त्यानं उतरलेली शटरं कापली होती, रिकामे कप्पे कापले होते, 'भाड्याने देणे आहे' असे फलक कापले होते, आणि तेव्हा त्यातल्या कुठल्याच रिकाम्या कप्प्यामागे त्याचा भाऊ नव्हता. आज निदान एक कारण होतं. ते कारण हाताशी आल्याचं कुठेतरी खोलवर बरं वाटतंय की काय, अशी शंका त्याला आली आणि त्यानं ती तिथेच दाबून टाकली.

त्यानं फोटो कापला. रेघ खाली ओढली ती दादा आणि त्याच्या पुढचा माणूस यांच्यामधून, चेहरे बघून. चेहरे बघूनच कापायची सवय. पानं लावणाऱ्या माणसाला वाटतं, चेहरा गेला की माणूस गेला. पुढच्या माणसाचा चेहरा नीट राहतोय ना, कुणाचं नाक अर्धं राहत नाही ना, एवढं तपासलं आणि फोटो पानावर टाकला. वर मथळा दिला: 'खरेदीला उधाण'. नेटका बसला. पुढे खालच्या जाहिरातीचा आकार बदलला, म्हणून पान लावणाऱ्यानं फोटो ताणून पानभर रुंद केला. ते याच्या कानावर घातलं आणि यानं मान न वळवता 'कर' म्हटलं. त्याला तो फोटो पुन्हा बघायचा नव्हता. निघताना फोटोग्राफर जिन्यात भेटला. त्यानं पान पाहिलेलं असणार. "बोललात का?" असंही त्यानं विचारलं नाही. नुसता बाजूला झाला, जायला वाट करून दिली. उपसंपादकाला सांगावंसं वाटलं, अरे, माझा भाऊ होता त्यात. पण तो जिना उतरून गेला.

घरी दादा त्याच्या आधी आलेला. स्वयंपाकघराच्या ओट्यावर डबा पालथा, चकचकीत. जेवताना दादानं कारखान्यातली गंमत सांगितली: एक मांजर खोक्यात झोपलं आणि मुकादमानं वरून चिकटपट्टी मारली, माल गाडीत चढवताना खोकं ओरडायला लागलं. दादा छान सांगायचा, मुकादमाचा चेहरा करून दाखवायचा. वहिनी डोळे पुसत हसली. ही गोष्ट त्यानं पूर्वी ऐकली होती. तो मुकादम निवृत्त होऊनही जमाना झाला होता. म्हणजे दादाकडचं आजचं सामान संपलं होतं आणि तो आता जुन्यातून काढून देत होता. हात धुताना दोघेच मोरीपाशी होते. आता बोलावं, असं वाटलं. 'दादा, मला माहीत आहे', एवढे चार शब्द. दादानं टॉवेल त्याच्या हातात दिला आणि रोज विचारायचा तसंच विचारलं, "काय रे, उद्या काय आहे पेपरात?"

"नेहमीचंच," तो म्हणाला.

"असू दे, असू दे. पेपर भरायला काहीतरी लागतंच," असं म्हणून दादा आत गेला.

सकाळी वहिनीनं पेपर पसरला तेव्हा तो दाढी करत होता आणि दादा डब्याची पिशवी खांद्याला लावून चहाचा शेवटचा घोट घेत उभा होता. "खरेदीला उधाण," वहिनीनं वाचलं. "घ्या. उधाण म्हणे. आमच्या इथे ओहोटी, म्हणून तिकडे उधाण असेल." तो आरशात बघून ओठांवरचा साबण पुसत होता. पुढचं उत्तर आलं नाही. वहिनी दर मथळ्याला किमान दोन उत्तरं द्यायची. त्यानं वळून पाहिलं. ती पेपरावर वाकली होती, फोटोच्या उजव्या कडेवर बोट ठेवून. "अहो," ती म्हणाली, "हा हात बघा."

धाकट्यानं पाहिला. पानभर ताणलेल्या फोटोच्या अगदी कडेला एका अनोळखी माणसाच्या खांद्यावर एक हात होता. नुसता हात. मनगटापाशी फोटो संपत होता. चार बोटं टेकलेली आणि करंगळी वेगळी, वाकडी, बाहेर. ताणल्यामुळे ती खऱ्यापेक्षाही मोठी दिसत होती. सगळं कापलं होतं, चेहरा, कान, शर्ट, पाटी, आणि हा राहिला होता. त्याच्या हातातला वस्तरा तसाच राहिला. दादा फोटोकडे बघत होता. मग त्यानं नजर उचलून भावाकडे पाहिलं, आणि त्या एका नजरेत त्याला सगळं कळलं असणार. कुणी कापलं ते, का कापलं ते. फार तर क्षणभर. मग दादानं कप खाली ठेवला.

"माझाच आहे," तो म्हणाला.

"तुम्ही? तिथे? कधी?"

"काल. अर्धा दिवस सोडलं साहेबांनी. माल सगळा वेळेआधी गेला म्हणून खूश होते. म्हटलं, तुझ्यासाठी काहीतरी बघावं. गेलो, लाईनीत उभा राहिलो." दादा हसला. "नंबरच नाही लागला."

यातला शेवटचा तुकडा खरा होता. त्याच्या आवाजात तो वेगळा ऐकू आला.

वहिनी दादाकडे बघत राहिली. नवरा खोटं बोलत असेल तर तिला कळत नाही असं नव्हतं. ती बघत होती तशी बाई बाजारात नाणं उलटसुलट करून बघते. मग ती धाकट्याकडे वळली. अर्ध्या गालाला साबण लावलेला तो उभा होता. "भाऊजी," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात थट्टा नव्हती, "तुम्ही सांगा. तुमच्याच पेपरात आलंय. खरेदीचीच लाईन होती ना ही?"

इतक्या वर्षांत तिनं त्याला पेपरातल्या कुठल्याही गोष्टीबद्दल खरं काय असं विचारलं नव्हतं. विचारण्यासारखं त्यात काही नसतं, असंच ती धरून चालायची. आणि आज ती विचारत होती, आणि तो जे सांगेल ते ती मानणार होती, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. दादा दाराकडे बघत होता.

"हो वहिनी," तो म्हणाला. "खरेदीचीच."

तिनं मोठा श्वास सोडला. "म्हणजे खोकी खरंच जातायत तर," ती म्हणाली, स्वतःशीच. फोटोवरून तिनं तळहात फिरवला, त्या हातावरून, वाकड्या करंगळीवरून. "आणि मी मेली रोज पेपराला नावं ठेवते." ती गुडघ्यावर हात रोवून उठली, जरा वेळ लागला, आणि उठता उठता तिचा चेहरा उजळत गेला. कित्येक महिन्यांत त्यानं तिला असं पाहिलं नव्हतं. "मग मी आजच सांगून टाकते आजींच्या सुनेला. ती दुसरी बाई बिचारी कधीची थांबलीय. आता नाही उचलवत हो माझ्यानं, खोटं कशाला बोलू. तुम्हाला बोलले नव्हते, पण परवा त्यांना बसवताना मीच खाली बसले, उठताच येईना." पेपर तिनं घडी करून काखेत मारला, पान वर राहील असा. "हे दाखवते तिला. तीही माझ्यासारखीच, कशावर विश्वास ठेवेल तर शपथ." दारात ती थांबली, वळून दादाला म्हणाली, "आणि माझ्यासाठी काही आणू नका. एवढं पुरे झालं," आणि बाहेर पडली.

तिचे पाय जिन्यावर वाजू लागले. एक पाय खाली, मग दुसरा त्याच्याशेजारी, मग कठड्याला धरून थांबणं. गुडघ्यांमुळे तिला तीन मजले उतरायला फार वेळ लागायचा. हाक मारायला वेळ भरपूर होता. हाक मारली तर ती वर येणार, ऐकून घेणार, काही न बोलता पुन्हा उतरणार आणि आजींना उचलणार, पाय जाईपर्यंत. नाही मारली तर आज संध्याकाळपासून या घरात येणारा जो काही पैसा असेल तो एकट्या त्याच्या पेपरातून येणार, 'उभारी'च्या पानातून. म्हणजे ते पान त्याला आता कधीच सोडता येणार नाही, कापलेला प्रत्येक फोटो आता या घरासाठी. तो दाराकडे बघत होता. दादा बोलेल, दादानं बोलावं, मोठा तो आहे. मागे दादाही बहुतेक याच्याच बोलण्याची वाट बघत होता. मग त्याच्या खांद्यावर हात पडला, मागून, चार बोटांचा. त्यानं वळून बघायला मान हलवली, तशी बोटं जराशी दाबली गेली.

पुढे उघडं दार होतं आणि जिन्यातला उजेड. दोघे भाऊ एकामागे एक तसेच उभे राहिले, रांगेत उभं असावं तसे. खाली मजल्यामजल्यावर तिचे पाय वाजत होते, मग ते अंगणात गेले, मग रस्त्यावरच्या इतर पायांत मिसळले. त्याच्या गालावरचा साबण वाळून गेला होता.